बॉनेटखालचा दांडा

शंकेखोर : गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात हा दांडा नव्हता. ज्यांनी ती काढली त्यांच्याकडे पाईप नव्हता असं नाही, वेल्डर नव्हता असंही नाही. एकेक ग्रॅम आणि एकेक रुपया मोजून त्यांनी ती मारुती झेन उभी केली, आणि दोन शॉकअपच्या माथ्यांमध्ये आडवा दांडा घालावा असं त्यांना वाटलं नाही. तुला निफाडात बसून तो का घालावासा वाटला, एवढं आधी सांग. गाडी कुठे मोडली होती का?

हौशी : मोडली नव्हती, नाना. पण उत्तर तुमच्याच बोलण्यात आहे : एकेक रुपया मोजून. मोजणाऱ्याला जिथे थांबावं लागलं, तिथून पुढे मी जातोय. जुन्या जीपला, नाशकात बनलेल्या बोलेरोला खाली शिडीसारखी वेगळी चेसी असते आणि बॉडी तिच्यावर ठेवलेली असते. झेनला तशी चेसीच नाही. पत्र्याला घड्या घालून, स्पॉट वेल्डिंगने डागून एक पेटी केलीय, आणि ती पेटी हीच चेसी. पुढच्या चाकांचे शॉकअप बॉनेटखाली दोन बाजूंच्या पत्र्याच्या बुरुजांत वर जाऊन टेकतात. ही अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरची युक्ती. १९४९-५० च्या सुमाराला फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांमध्ये ती आली. आपल्या पद्मिनीला आणि अँबेसेडरला ती नव्हती. १९८३ मध्ये मारुती आली आणि ही रचना आपल्याकडे घरोघरी पोचली. स्वस्त, हलकी, आणि आडव्या इंजिनाला जागा ठेवणारी. पण चाकाला बसलेल्या धक्क्याचा मोठा भाग त्या दोन बुरुजांच्या टोकांवर जातो, आणि वरच्या अंगाला त्या टोकांमध्ये मोकळी हवा. बुटाचं खोकं झाकण काढून हातात पिळून बघा, मग झाकण लावून पिळा. बॉनेट हे झाकण नव्हे, ते बिजागरीवर आणि एका खिट्टीवर टेकलेलं असतं. माझा दांडा म्हणजे त्या झाकणाची निदान एक कड.

शंकेखोर : खोकं पिळतोस तेव्हा त्याचे कोपरे तिरके होतात. तुझा दांडा तिरकेपणा धरतो का? तो धरतो फक्त अंतर. डावा बुरूज आणि उजवा बुरूज एकमेकांकडे आले किंवा लांब गेले तर दांड्याला कळेल. दोघे मिळून एकाच बाजूला कलले, तर त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं आणि दांड्याला पत्ताही लागत नाही. चांदोरीच्या वळणावर गाडी घातलीस की बुरूज नेमके कसे हलतात, हे तू पाहिलंयस का? कागदावर बाण काढणं सोपं असतं. बाहेरच्या चाकाचं ओझं बुरुजाचा माथा आत ढकलतं आणि त्याच चाकाची बाजूची पकड तोच माथा बाहेर ढकलते. ही दोन बळं थोडीफार एकमेकांना खातात. उरलेल्यापैकी किती दांड्याच्या वाट्याला येतं?

हौशी : वळणावरचं मोजता आलं नाही. उभ्या गाडीवरचं मोजलं. एका बुरुजाला सळई पक्की केली, दुसऱ्या टोकाला डायल गेज लावला, शंभरावा मिलिमीटर दाखवणारा. मग पुढचं एक चाक जॅकने उचललं. काटा चाळीसेक घरं सरकला, म्हणजे ०.४ मिलिमीटर. दांडा आवळून तेच केलं तर दहा-बारा घरं. चाक चारदा उचललं, चारदा खाली ठेवलं, आकडे जवळपास तेच आले. आता हे मनाचे खेळ आहेत असं म्हणू नका. गेजला मन नसतं.

शंकेखोर : गेजला नसतं, पण आकड्याचा अर्थ लावणाऱ्याला असतं. शॉकअपच्या माथ्यापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत साधारण ६०० मिलिमीटर धर. माथा ०.४ सरकला तर चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्यातला कल, किती बदलेल? अंशाचे शंभर भाग केलेस तर त्यातले चार. तेही सगळं सरकणं एकाच बुरुजाच्या माथी मारलं तर. अलाइनमेंटवाला तुझी गाडी 'ओके' म्हणून सोडतो तेव्हा त्याहून कितीतरी जास्त फरक पोटात घालतो. शॉकअपच्या माथ्यावरचं रबर दाबलं गेलं तरी त्याहून जास्त हलेल. पुढच्या टायरांत दोन-तीन पाउंड हवा कमी-जास्त कर, स्टिअरिंगला कळणारा फरक तुला फुकटात मिळेल. तू मोजलंस ते खरंच. पण राईच्या दाण्याचं वजन तीनदा केलं म्हणून तो खोबऱ्याएवढा होत नाही.

हौशी : पण आकडा वळणाचा नाहीच. तो एका चाकाच्या उभ्या ओझ्याचा आहे, आणि आपल्याकडे वळणं कमी, खड्डे जास्त. सायखेड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून गाडी जाते तेव्हा डावं चाक वर, उजवं खाली, पुन्हा उलट. दर फेरीला तो बुरूज ०.४ हलतो. दिवसाला किती हजार वेळा, सांगा. पत्रा एका झटक्यात तुटत नाही, तो थकतो. स्पॉट वेल्डिंगचे डाग थकतात, मग डॅशबोर्डच्या मागून करकर सुरू होते, मग बुरुजाच्या कडेला केसासारखी चीर दिसते. जुन्या गाड्यांचे बुरूज चिरलेले आपण दोघांनी पाहिलेत. कॅम्बर मला नकोच आहे. मला ती फेरी कमी करायचीय.

शंकेखोर : ही गोष्ट वेगळी. मघापासून आपण वळणाचं बोलत होतो, आता तू आयुष्याचं बोलतोयस. ठीक आहे, आयुष्याचं बोलू. दांडा दाखव कसा केलास ते.

हौशी : पहिला दांडा चुकला, तो आधी सांगतो. एअर फिल्टरचं भांडं मध्ये येत होतं, म्हणून मी पाईप वाकवून त्याच्यावरून नेला. मध्यावर साठ मिलिमीटरचा बाक. दिसायला झकास, बाजारातल्यासारखा. नंतर कागदावर मांडलं तेव्हा घाम फुटला. आपला एक इंची बी क्लास पाईप, ज्यावर निळा पट्टा असतो तो. नाव एक इंची, पण बाहेरून ३३.७ मिलिमीटर, जाडी ३.२. म्हणजे कापलेल्या तोंडाशी ३०६ चौरस मिलिमीटर पोलाद. मीटरभर लांबीचा सरळ पाईप एक मिलिमीटरने आखूड करायचा तर ६ टनांहून जास्त जोर लागतो. तो मध्येच वाकून बसायचा तर ७ टन. झेन अख्खी उचलून उभी ठेवली तरी टनाच्या आत. म्हणजे पाईप पुरून उरतो. पण त्याच पाईपला मध्ये ६० मिलिमीटरचा बाक दिला की तो दाबला जात नाही, धनुष्यासारखा वाकतो, आणि ताठपणा दहापटीहून जास्त घसरतो. पाईप तोच, वजन तेच, मीटरला २ किलो ४०० ग्रॅम. फक्त सरळ नाही. बाजारात मिळणारे चकचकीत दांडे बघा, कितीतरी बाकदार असतात. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे असले तर पोलादापेक्षा ताठपणा तिसरा हिस्सा.

शंकेखोर : मग फिल्टरचं काय केलंस?

हौशी : दांडा मागे सरकवला, इंजिनामागच्या फायरवॉलकडे, आणि टोकांच्या प्लेटा लांब केल्या. तिथे दुसरी चूक. पाईपचा मध्य प्लेटच्या चाळीस मिलिमीटर वर येत होता. पाईप ६ टनांचा, पण प्लेट ३ मिलिमीटरची. सगळं वाकणं तिथेच. प्लेट ६ची केली. जाडी दुप्पट केली की वाकण्याला विरोध आठपट होतो. वर दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्ट्या मारल्या. हे मला द्राक्षाच्या मांडवाने शिकवलं. मांडवात मधला अँगल कधी दगा देत नाही. दगा देतो तो कडेचा खांब, जिथे ताण जमिनीत उतरतो. तिथे दगड पुरेसा खोल पुरला नसेल तर वरच्या तारा कितीही जाड घ्या.

शंकेखोर : हे बोललास ते आवडलं. बहुतेक पोरं पाईपला रंग कुठला द्यायचा यावर आठवडा घालवतात. आता माझे प्रश्न. पाईप जीआय होता?

हौशी : ड्रिपचा उरलेला. टोकांकडचं जस्त ग्राइंडरने उडवलं, मग वेल्डिंग केलं.

शंकेखोर : बरं केलंस. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हिवताप आल्यासारखी थंडी वाजते. आणि जस्तावर मारलेला वेल्ड वरून गुळगुळीत दिसतो, आत भोकं असतात. पुढचा प्रश्न. तू ६ मिलिमीटरची प्लेट शॉकअपच्या नटांखाली घातलीस. बुरुजातून वर आलेले ते बोल्ट कारखान्याने पत्र्याच्या जाडीच्या हिशेबाने दिलेत, तुझ्या प्लेटच्या नाही. नट पूर्ण बसून वर दोन आटे दिसतात का? की नट अर्धाच धरलाय? कारण तो नट आता तुझा दांडा धरत नाही, तो गाडीचं पुढचं चाक धरतो. दांडा निघाला तर खडखडेल. तो नट निघाला तर काय होईल, बोलायला नको.

हौशी : दोन आटे दिसत नाहीत. एक दिसतो.

शंकेखोर : बघ. तुझ्या सगळ्या हिशेबात ६ टन होते, ७ टन होते, आणि हा एक आटा नव्हता. मी ओझरला उमेदीची सगळी वर्षं काढली. विमानं जोडायचा कारखाना तिथे १९६४ मध्ये उभा राहिला. मिग माझ्या डोळ्यासमोर बाहेर पडलीत. तिथे नट आवळला की त्याला लॉकवायर, लॉकवायर ओढली की तपासणीवाल्याची सही, त्या सहीवर दुसऱ्याची सही. नट कोणी आवळला, कोणत्या पान्याने, तो पाना शेवटचा कधी तपासला, सगळं कागदावर. आम्ही हसायचो त्या कागदांना. पण कागद कामाच्या पुढे नव्हता, कामाच्या आत होता. तुझ्या दांड्याला कागद नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

हौशी : पण नाना, तालुका एकच आहे ना? त्याच ओझरपासून पिंपळगावपर्यंतच्या रस्त्याला वर्कशॉप बघा. द्राक्षावर औषध मारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर आधी बाहेरून आले. पंखा केवढा, नोझल कुठे, आपल्या ओळीच्या रुंदीला काय बसेल, हे त्या टपऱ्यांतल्या लोकांनी लोखंड कापून, फसून, पुन्हा कापून ठरवलं. त्यांच्याकडेही कागद नव्हता. शेतकरी सकाळी परत यायचा आणि म्हणायचा, पानाच्या मागच्या बाजूला औषध पोचलं नाही. हाच त्यांचा तपासणीवाला. कागदाशिवाय वस्तू होतच नाही असं धरलं असतं, तर आपल्या बागांत आजही पाठीवरचा पंप असता. शिकायचं कुठे मग? इंजिनियरिंगच्या पुस्तकात बाकदार पाईपाचं गणित असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी पाईप वाकवला म्हणून ते शोधलं.

शंकेखोर : शिकू नकोस असं कोण म्हणतंय? पण ब्लोअर तुझ्या बागेत चालतो. चुकला तर तुझा घड जळतो. गाडी रस्त्यावर चालते, तिथे दुसऱ्याचं पोर सायकलवर असतं. बॉनेटचा पत्रा आणि इंजिन यांच्यात जी चार बोटं मोकळी असतात ती जागा नुसती उरलेली समजू नकोस. माणसाचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्र्याला खाली दबायला तेवढी जागा लागते. तिथे तू दोन-अडीच किलोचा पोलादी पाईप आडवा ठेवलास. आणि मांडवाचा दाखला तूच दिलास ना? मग तो पुरता दे. अवकाळीच्या वाऱ्यात एका कोपऱ्याचा ताण सुटला की काय होतं? एकच खांब पडतो का? एका तारेने दुसरी ओढते आणि बाग तयार घडांसकट जमिनीवर निजते. डावा बुरूज ट्रकला घासला तर आजवर डावाच वाकला असता. आता उजवाही ओढला जाईल. जोडण्यात ताकद आहे हे तू सांगतोस, जोडण्यात दोघांचं नशीब एक होतं ते मी सांगतो.

हौशी : बॉनेटचं मान्य. माझा पाईप इंजिनाच्या झाकणापेक्षा खाली आहे, म्हणजे डोकं आधी इंजिनाला लागेल. पण फिल्टरवरून नेलेला पहिला दांडा तसा नव्हता, आणि तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, हे कबूल. मांडवाचं अर्धंच मान्य. तारा जोडलेल्या असतात म्हणून एक बाग पडते, तशीच जोडलेली असते म्हणून दहा वादळांत उभी राहते. पडलेली बाग पेपरात येते, उभी राहिलेली येत नाही.

शंकेखोर : आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसी बुकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं : बेकायदा बदल केलास तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जीप-स्कॉर्पिओच्या तोंडाला लावलेले ते लोखंडी बुलबार आठव. २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना ते काढायला लावायला सांगितलं. ते लावणाऱ्यालाही वाटत होतं की आपण गाडी मजबूत करतोय.

हौशी : माझ्या आरसी बुकात दांड्याचा रकाना नाही. रंग आहे, इंधन आहे, इंजिन नंबर, सीट किती ते आहे. यातलं काय बदललं? सीट कव्हर घातलं, टेप बसवला, मड फ्लॅप लावले, त्याला कोणी बदल म्हणत नाही.

शंकेखोर : सीट कव्हर चाकाच्या नटाखाली जात नाही.

(दोघांनीही कलमं मुळातून वाचलेली होती, याचं मला अप्रूप वाटलं. एरवी ती वाचायची पाळी पावती हातात पडल्यावर येते. दांडा कलमात बसतो की नाही, यावर दोघे आणखी बराच वेळ बोलले. ते इथे गाळतो, कारण बोलणं फिरून फिरून त्या एका आट्यापाशीच येत होतं.)

हौशी : आट्याचं काय करता येईल ते सांगा. प्लेट पातळ केली तर वाकते. जाड ठेवली तर नट बसत नाही.

शंकेखोर : नटाखाली येतो तेवढाच भाग लेथवर खोलगट करून घे, बाकी ६चीच राहू दे. दोन आटे वर दिसेपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस. आवळताना चारी चाकं सपाट जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर. जॅकवर आवळलास तर दांडा कायमचा ताणात बसेल. आणि टॉर्क पाना घे, कंपनीच्या आकड्याला आवळ, हाताच्या अंदाजाला नाही. नट नवे, नायलॉकचे.

हौशी : म्हणजे तुम्ही लावायला सांगताय?

शंकेखोर : लावायचा असेल तर कसा लावायचा ते सांगतोय. लावावा का, हे मला अजून कळलेलं नाही. तुला तरी कळलंय? गेजने सांगितलं की दांडा काम करतो. ते काम तुला स्टिअरिंगवर जाणवतं, हे गेजने सांगितलेलं नाही, ते तू सांगतोस. आणि दहा वर्षांनी बुरूज कमी थकेल, हे कोणीच सांगितलेलं नाही. तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तू एकीचा पुरावा तिघींना वाटून दिलायस.

हौशी : मग दुसरीचा पुरावा काढू. पाना तुमच्या हातात. बॉनेट बंद, मी घरात. तुम्ही दांडा आवळून ठेवा किंवा एका बाजूने पाईप सोडून ठेवा, मला सांगू नका. वर-खाली होणारे नट शॉकअपचे नकोत, पाईप आणि प्लेट यांच्यातला बोल्टच काढा-घाला. मी नांदूरमध्यमेश्वरच्या रस्त्याला जाऊन येतो आणि सांगतो काय होतं. दहा वेळा.

शंकेखोर : दहा वेळा ओळखलंस तर मी मानेन. पाच वेळा ओळखलंस तर काढशील?

हौशी : ...नाही काढणार.

शंकेखोर : का?

हौशी : कारण तो मी केलाय. म्हणजे, पत्र्याच्या थकण्याचं कारण उरतंच, ते आहेच. पण खरं विचाराल तर तो मी केलाय म्हणून. ही गाडी वडिलांनी घेतली तेव्हा तिच्या आत काय आहे ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. बॉनेट उघडायचं ते पाणी घालायला. आता मला ठाऊक आहे कोणता पत्रा कुठे डागलाय. हा पुरावा नाही, कळतं मला.

शंकेखोर : पुरावा नाही, पण खोटंही नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र एक मागणी आहे. त्याच पाईपचा, तसल्याच प्लेटीचा आणखी एक सांधा कर. त्याच यंत्राने, त्याच हाताने. आणि तो मधून काप. कापलेलं तोंड घासून बघ, वेल्ड मुळापर्यंत उतरलाय की वरच्या वर बसलाय.

हौशी : आणि चांगला निघाला तर? गाडीत आहे त्या सांध्याबद्दल मला काय कळलं? कापला तो दुसराच.

शंकेखोर : कळलं एवढंच की तुझा हात चांगला वेल्ड मारू शकतो. त्या दिवशी मारला होता का, ते नाही कळलं.

हौशी : म्हणजे खात्री नाहीच. ओझरला होती?

शंकेखोर : खात्री नव्हती रे. सही होती. चुकलं तर कोणाच्या दारात जायचं ते माहीत होतं. ...पाईप उरलाय का तुझ्याकडे?

हौशी : हातभर आहे. प्लेट मात्र नवी कापावी लागेल.